पाठीचा हिशेब आणि महाडचं उत्तर

चाबूक म्हटलं की संतापाने उगारलेला हात डोळ्यांसमोर येतो. पण फटक्यांच्या शिक्षेचे जुने नियम वाचायला घ्या, थक्क व्हाल. कोणाला मारायचं, कशाने, अंगावर कुठे, याचा थंड डोक्याने मांडलेला हिशेब तिथे सापडतो.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय पाहा. बायको, मुलगा, दास, नोकर, सख्खा भाऊ यांनी अपराध केला तर त्यांना दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारावं. मारायचं ते पाठीवर, डोक्यावर कधीच नाही. नियम मोडून मारणारा चोराइतका दोषी. केवढी ही काळजी, असं वाटतं न वाटतं तोच त्याच अध्यायात दंडाच्या दहा जागा मोजलेल्या दिसतात. पोट, जीभ, हात, पाय, डोळे, नाक, कान... आणि लगेच सूट: ब्राह्मणाला मात्र इजा न करता जाऊ द्यावं.

इंग्रजांचा हिशेबही तितकाच बारीक. १८६०च्या भारतीय दंड संहितेतल्या शिक्षांच्या यादीत फटके नव्हते. चारच वर्षांनी, १८६४ साली, वेगळा कायदा करून ते परत आणले. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर वेताची जाडीही ठरवून दिली: किमान अर्धा इंच. फटके जास्तीत जास्त ३०. बायकांना आणि पंचेचाळिशी उलटलेल्या पुरुषांना ही शिक्षा नाही. डॉक्टर हजर असेल तर कैदी फटके सोसू शकेल असा त्याचा दाखला हवा. आणि शिक्षा हप्त्याहप्त्याने द्यायची नाही!

फटक्यांचे हे नियम लागू होते त्याच काळात महाड घडलं. सावित्री नदीच्या काठचं हे गाव. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत परिषदेसाठी आलेले हजारो लोक अस्पृश्यांना बंदी असलेल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि त्याच दिवशी जमावाने परिषदेला आलेल्यांना काठ्यांनी झोडपलं. त्या मारामागे कुठल्याही न्यायालयाचा हुकूम नव्हता. कोणाच्या पाठीवर काठी चालते, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलं होतं.

त्याला महाडने दिलेलं उत्तर मला विलक्षण वाटतं. २५ डिसेंबरला परिषद पुन्हा भरली. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि मनुस्मृतीचं दहन झालं. सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण; ज्या ग्रंथाने त्यांच्या अंगाला अभय दिलं होतं, तोच जाळा असं ते सांगत होते. आंबेडकरांनी भाषणात १७८९च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेची आठवण काढली, आणि परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा केला.

न्यायालयाने फटक्यांची शिक्षा देण्याची तरतूद स्वतंत्र भारताने १९५५ साली कायदा करून रद्द केली. २०२३च्या भारतीय न्याय संहितेत शिक्षेचे सहा प्रकार आहेत, त्यांत समाजसेवाही आली, फटके नाहीत.

माणसाच्या अंगाला धक्का लागू नये, हे जुन्या ग्रंथालाही कळत होतं. पण त्याने तो मान एकाच वर्णापुरता राखून ठेवला. महाडच्या जाहीरनाम्याने माणसं जन्मतः समान मानली, आणि हे एकदा मानलं की तो मान प्रत्येक पाठीला द्यावाच लागतो.