*पिकअपची ब्रेक डिस्क: पावसाळा संपला, आता चाक काढून बघा*



दर आठवड्याला या मेसेजमध्ये मी भातावरचा करपा, भेंडीवरची पांढरी माशी असं काहीतरी लिहिते. आज विषय वेगळा आहे, तुमच्या पिकअपच्या ब्रेकचा. कृषीवाल्या ताईला गाडीचं काय कळतं, असं कोणी म्हणेल. पण भात कापणीला आलाय. आता भात, पेंढा आणि त्यामागून काकडी, भेंडी, दुधी असं सगळं कल्याण नाहीतर वाशी मार्केटला जाणार. माल पिकवायला चार महिने लागतात आणि तो रस्त्यावर सांडायला एक ब्रेक पुरतो. हौद्यात मालावर माणसंही बसलेली असतात, तो हिशोब तर वेगळाच. मेसेज लांब आहे, पण कापणीच्या धामधुमीआधी एकदा पूर्ण वाचा.

*ब्रेक दाबला की नेमकं काय होतं?*

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम असतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड थाळी. तुम्ही पेडल दाबलं की कॅलिपर दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड त्या थाळीवर आवळतो. घर्षण होतं, गाडी थांबते आणि गाडीचा सगळा जोर उष्णता होऊन थाळीत उतरतो.

ही उष्णता किती? मालासकट ३ टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगातून पूर्ण थांबवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यात साधारण १.४ लिटर पाणी उकळीला येईल. एका ब्रेकला एवढी! आता कसारा घाट धरा. नाशिकहून रोपांचे ट्रे, कांदा किंवा खत भरून तुम्ही उतरता. इगतपुरीहून कसाऱ्यापर्यंत उतार सुमारे ३०० मीटरचा. तेवढ्या उतारावर हीच गाडी जी शक्ती सोडते, तिच्यात ३० लिटर पाणी उकळेल, म्हणजे जवळपास दोन हंडे. म्हणजे ६० च्या वेगातून २१ वेळा एकामागोमाग थांबल्यासारखं झालं. ती उष्णता इंजिनने थोपवली नाही तर बरीचशी ब्रेकनेच झेलायची. थाळी पातळ झालेली असेल तर ती लवकर तापते, पॅडची पकड सुटते आणि पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही.

वेगाचंही ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि आमणे तर आपल्याच तालुक्यातलं. रस्ता मोकळा मिळाला म्हणून पाय दाबला जातो. ४० ऐवजी ८० च्या वेगातून थांबताना डिस्कवर चौपट भार येतो.

*पावसाळ्यात डिस्कचं काय झालं असेल?*

चार महिने गाडी बांधावरच्या चिखलातून, वाडा रस्त्याच्या खड्ड्यांतल्या पाण्यातून फिरली. कशेळी, काल्हेर अशा खाडीकाठच्या गावांत खारी हवा त्यात भर घालते. बीड गंजतंच. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसला तर घाबरू नका, चार-पाच ब्रेकमध्ये तो पुसला जातो. काळजी करायची ती खोल खड्डे पडलेल्या गंजाची.

दुसरं म्हणजे चिखल. बऱ्याच डिस्क आतून पोकळ असतात, दोन थाळ्यांच्या मधे हवा खेळायला जागा असते. तिथे चिखल बसून वाळला की डिस्क थंड व्हायचा रस्ताच बंद. गाडी थंड असताना पाण्याच्या फवाऱ्याने तो चिखल काढा. *घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका.* तापलेलं बीड अचानक थंड झालं की तडकतं.

*ही लक्षणं ओळखा*

पिकात जसं पिवळं पान दिसल्यावर मूळ बघतो, तसंच इथे.

१. ब्रेक दाबताना बारीक चीं-चीं आवाज: पॅड संपत आलेत.
२. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर: पॅड संपले आणि आता पॅडची पत्रा-पट्टी डिस्क खातेय. गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्या.
३. ब्रेकवर पाय ठेवला की पेडल थडथडतं किंवा स्टिअरिंग हलतं: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही, किंवा डिस्क हबवर सरळ बसलेली नाही.
४. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते: बहुतेकदा एका बाजूचा कॅलिपर अडकलेला असतो.
५. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम, जळका वास: त्या चाकाचा ब्रेक सुटतच नाही.
६. पेडल खूप खाली जातं किंवा मऊ लागतं: तेल गळतंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. अशी गाडी रस्त्यावर काढूच नका.

*डिस्क बदलायची कधी?*

किडीच्या बाबतीत आपण आर्थिक नुकसान पातळी बघतो. तिच्याखाली फवारणी नको, ती ओलांडली की थांबायचं नाही. डिस्कचीही तशीच पातळी असते आणि ती डिस्कवरच कोरलेली असते. मधल्या भागावर किंवा कडेला किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. गंजात दिसला नाही तर गाडीच्या पुस्तिकेत बघा.

मोजायचं कसं? मेकॅनिकला मायक्रोमीटर लावायला सांगा. डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उरलेली असते. साधा व्हर्नियर त्या धारेवर टेकला तर जाडी जास्त दाखवतो आणि आपण फसतो. म्हणून कडेपासून बोटभर आत, गोल फिरत सहा-आठ ठिकाणी मोजा. एका जरी ठिकाणी किमान आकड्याच्या खाली माप आलं, तर डिस्क बाद. कडेपर्यंत गेलेली तडा असेल तर जाडी कितीही असो, डिस्क बाद. निळसर डाग दिसले तर समजा, ती कधीतरी खूप तापली होती.

लेथवर घासून डिस्क सरळ करता येते, पण घासल्यानंतरही जाडी किमान आकड्याच्या वर राहत असेल तरच. पॅड ३ मिलिमीटरवर आले की बदला. पॅड डिस्कपेक्षा स्वस्त असतात. पॅडचे पैसे वाचवले की शेवटी डिस्कचे आणि पॅडचे दोन्ही मोजावे लागतात.

*बदलताना उभं राहून बघायच्या गोष्टी*

काम मेकॅनिकच करेल, पण तुम्ही जवळ थांबा.

• नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली हात घालू नये. स्टँड लावा, मागच्या चाकाला दगड नाही तर ठोकळा लावा.
• डिस्क दोन्ही बाजूंच्या एकदम बदला, पॅडही नवे घाला. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी ओढते.
• कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू देऊ नका. तारेने वर बांधा.
• हबवरचा गंज ब्रशने साफ झाला पाहिजे. तिथे गंजाचा कण जरी राहिला तरी नवी डिस्क वाकडी फिरते आणि महिन्याभरात पेडल पुन्हा थडथडतं.
• नव्या डिस्कवर गंज न लागावा म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसा. डिझेल, रॉकेल अजिबात नको.
• कॅलिपरच्या पिना सहज सरकतात ना ते बघा. त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.
• चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.
• ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती छातीत जाते.
• गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. पहिला ब्रेक रिकामा जातो, हे कायम लक्षात ठेवा.

नव्या डिस्कला लगेच पूर्ण लोड देऊ नका. रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर, ५० वरून १० पर्यंत वेग हलक्या ब्रेकने उतरवायचा, मधे थोडं चालवून थंड होऊ द्यायचं. असं वीसेक वेळा केलं की पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतात.

*पाटे वाढवता? मग हे वाचाच*

लोड जास्त घेता यावा म्हणून आपल्याकडे मागे जादा पाटे टाकतात. बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती दबली त्यावरून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. पाटे वाढवले की गाडी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. मग सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. डिस्क सारखी खराब होत असेल तर हे आणि मागचे ड्रम आधी तपासून घ्या.

ओव्हरलोडचा दंडही थोडका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो २० हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. दोन जोड्या डिस्कचा विचार त्या पैशांत करता येतो.

*घाटात*

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. आताच्या इंजिनमध्ये गिअरमध्ये उतरताना डिझेलचा पुरवठा तसाही बंद होतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये वाचत काही नाही. इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका. बूस्टरची ताकद दोन-तीन ब्रेकमध्ये संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. आपल्या दमट हवेत तर जास्तच. दोन वर्षांनी किंवा पुस्तिकेत दिलं असेल तेव्हा ते बदला आणि डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच नंबरचं घाला.

*या आठवड्यात एवढंच करा:* पुढची दोन्ही चाकं काढून पॅडची आणि डिस्कची जाडी मोजून घ्या. तारीख, किलोमीटर आणि माप फवारणीच्या वहीतच लिहून ठेवा. तीच वही पुढच्या वर्षी सांगेल की डिस्क किती झिजली. शेजारच्या सभासदाची गाडी तुमचाही माल नेत असेल, तर हा मेसेज त्याला पाठवा. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला वाचून दाखवा, कारण आवाज आणि थडथड आधी त्यालाच कळते.

पुढच्या मेसेजमध्ये कापणीनंतर भात किती वाळवायचा, ते लिहिते.