फ्रिजवरचं दरपत्रक

दहा वर्षांवरच्या मुलांना आपलं बँक खातं आपणच चालवू देण्याची मुभा देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकावर पुष्कळ लिहून झालं. एटीएम कार्ड द्यायचं की नाही, व्यवहाराची मर्यादा किती, हे ज्या त्या बँकेनं ठरवायचं. त्या खात्यात पैसे येणार कुठून, हे मात्र घरोघरी ठरतं. पाहुण्यांनी निघताना हातावर ठेवलेली नोट हे जुनं उत्पन्न. नवं उत्पन्न म्हणजे घरकामाची मजुरी.

ठाण्यात एका ओळखीच्या घरी फ्रिजवर चक्क दरपत्रक चिकटवलेलं पाहिलं. कुंड्यांना पाणी घालणे ५ रुपये, धुतलेली भांडी पुसून लावणे १० रुपये. चौथीतल्या चिरंजीवांना नऊशेची रिमोटवरची गाडी हवी होती. रोजचे पंधरा धरले तर साठ दिवस. बाराव्या दिवशी बाबांनाच राहवेना. मोबाइलवर मागवलेली गाडी चहा गार व्हायच्या आत दारात आली आणि ‘उरलेले सातशे वीस नंतर फेड’ असं ठरलं. ते कुणी फेडले नाहीत, हे सांगायला नकोच. अल्पवयीनाचं खातं उणे जाता कामा नये, शिल्लक कायम हवी, असं परिपत्रकात बजावलंय. या बाबांपेक्षा रिझर्व्ह बँक शहाणी म्हणायची.

पण घोळ उधारीच्याही आधी, दरपत्रकापाशीच सुरू होतो. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्यासाठी पाहावा. मुलं अवघ्या वीस महिन्यांची. समोरच्या मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडते, त्याचा हात काही पोचत नाही. पोरं दुडुदुडु जातात आणि उचलून देतात. मग काहींना दर वेळी बक्षीस म्हणून ठोकळा मिळू लागला. तो एका खेळण्यात टाकला की गमतीचा आवाज यायचा. काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत बक्षीस बंद झालं, तशी ठोकळेवाल्यांची मदत घटली. बाकीची मात्र पहिल्यासारखीच वस्तू उचलून देत राहिली.

तान्ह्या पोरांवरून चौथीतल्या मुलाचं माप काढू नये, हे कबूल. पण चौथीतला हिशेबाला जास्तच पक्का असतो! गाडी आली त्या दिवसापासून त्या घरातल्या कुंड्या पुन्हा आईकडे आल्या.

त्याच घरात नववीतली ताई आहे. वाळत घातलेले कपडे काढणं, घड्या घालणं, पाहुणे आले की चहा टाकणं तिच्याकडे. दरपत्रकात यातलं एकही काम नाही. मुलगा भांडी पुसतो ती कमाई, मुलगी घड्या घालते ते वळण. पैशांचं शिक्षण म्हणून कौतुकानं सांगितल्या जाणाऱ्या या प्रकारात मला सर्वांत खटकतं ते हे.

खेळण्यासाठी मुलानं पैसे जमवू नयेत, असं मुळीच नाही. जेवल्यावर आपलं ताट उचलणं, अंथरूण काढणं यांना दर नको, दोघांनाही नको. पण माळ्यावरची रद्दी दोघांनी मिळून काढावी, गठ्ठे बांधून खाली न्यावेत, येतील ते पैसे निम्मे निम्मे घ्यावेत. रद्दीवाल्याशी घासाघीसही त्यांनाच करू द्यावी आणि तो काटा मारतोय का, यावर ताईनं नजर ठेवावी.