मॉड्युलर रेल्वे म्हणजे नेमके काय?

मॉड्युलर वेगवान रेल्वे म्हणजे गर्दी वाढली की स्थानकावर डबे जोडायचे आणि ओसरली की काढायचे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हा शब्द गाडीच्या आराखड्याविषयी आहे. मोजक्या प्रकारचे प्रमाणित डबे ठरवून त्यांच्या जुळणीतून वेगवेगळ्या लांबीच्या गाड्या बांधायच्या, ही ती पद्धत. मॉड्युलर किचनमधले ठरावीक मापाचे कप्पे जागेप्रमाणे निवडतात. पण एकदा बसवले की रोज हलवत नाहीत. तसेच हे.

जपानमध्ये २०२० साली धावू लागलेली ‘एन७००एस’ शिंकान्सेन हे याचे ठळक उदाहरण. हिला वेगळे इंजिन नाही. मोटारी डब्यांखाली विभागलेल्या आहेत. परिवर्तकात (तारेतील वीज मोटारीजोगी करणारे यंत्र) सिलिकॉन कार्बाइडचे अर्धवाहक वापरल्याने तो लहान आणि हलका झाला. त्यामुळे डब्यांखालील यंत्रांची मांडणी सुटसुटीत होऊन डब्यांचे प्रकार ८ वरून ४ वर आले. मूळ गाडी १६ डब्यांची. नागासाकीच्या मार्गावर २०२२ पासून तिचीच ६ डब्यांची आवृत्ती धावते.

थोडक्यात, मॉड्युलर रचनेची खरी लवचिकता फलाटावर दिसत नाही. ती कारखान्यात उपयोगी पडते.