पॅसेजमधली शिकार

लॅब्रेडॉर हा पाण्यातला कुत्रा. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर होड्यांवर असत, दोर ओढत, गळातून निसटलेले मासे तोंडात धरून आणत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश जमीनदारांनी ते आपल्या इस्टेटीवर नेले आणि गोळी लागून पाण्यात पडलेलं बदक उचलून आणायच्या कामाला लावले. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने ही स्वतंत्र जात मानली. बोटांमधला पडदा, तेलकट दुहेरी केस, पोहताना वळायला मदत करणारी जाड शेपटी, सगळं त्या कामासाठी घडलेलं.

असा प्राणी मुंबईच्या मरोळ-मरोशी रोडवरच्या वन बीएचकेमध्ये येतो तेव्हा त्याला पोहायला न्यायचं कुठे? मिठी नदी हाकेच्या अंतरावर आहे, पण तिच्यात कुत्रा सोडणं म्हणजे लेप्टोला आवतण. पवई तलावात मगरी. आरेत जागा मुबलक, पण दिवे लागले की तो इलाखा बिबट्याचा, आणि या भागातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्रा हा नेहमीचा पदार्थ. राहिली शिकार. तिच्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पडदा टाकलाय, आणि ते उत्तमच झालं.

त्यामुळे माझ्या भाचीने आठ आठवड्यांचं पिल्लू आणलं तेव्हा शिकार करायला जागा उरली एकच: बेडरूम आणि हॉलमधला पॅसेज.

पहिले काही दिवस शिकवायचं काहीच नसतं. पिल्लू दिवसातले सतरा-अठरा तास झोपतं, ते झोपू द्यायचं. आईचा वास लागलेलं फडकं अंथरुणात ठेवायचं आणि रात्री ते अंथरूण आपल्या खाटेशेजारी. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकले की वाढत्या सांध्यांवर ताण येतो, म्हणून घरभर रबरी पायपुसणी आणि जुन्या सतरंज्या. लसींचे डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर पाय टेकवायचा नाही, पण म्हणून घरात डांबायचंही नाही. भाची त्याला कडेवर घेऊन मासळी बाजारावरून फिरवून आणायची. सुक्या बोंबलांचा वास, रिक्षांचे भोंगे, विमानांची घरघर, मेट्रो स्टेशनची गर्दी हे सगळं त्याने उंचावरून, सुरक्षितपणे पाहिलं. माझ्या मते पुढच्या निम्म्या कटकटी तिथेच टळल्या.

शिकवायला पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले एक हवालदार आले. भाचीने कौतुकाने टेनिस बॉल पुढे केला.

"ताई, फेकायची घाई नको. फेकलेलं कुठलाही कुत्रा पकडतो. आधी परत घ्यायला शिका."

"पण काका, तो देतच नाही."

"देईल. तुम्ही ओढू नका."

मग त्यांनी मोज्यात मोजा कोंबून गाठ मारली. दोन्ही खोल्यांची दारं लावली. भाचीला पॅसेजच्या तोंडाशी जमिनीवर बसवलं आणि मोजा पलीकडच्या भिंतीपाशी टाकायला लावला. पिल्लू धावलं, मोजा उचलला, वळलं. आता जायला वाट एकच, भाचीच्या मांडीवरून. ते आलं तसा तिचा हात मोज्याकडे गेला. काकांनी नुसती मान हलवली. मोज्याला हात लावायचा नाही. छातीवरून हात फिरवायचा, चार शब्द कौतुकाचे बोलायचे, त्याला त्याची शिकार मिरवू द्यायची. हिसकावलं की दुसऱ्या वेळी ते सोफ्याखाली जाऊन बसणार, आणि ओढाओढीत दात रुतवायची सवय लागली की संपलं. या जातीची सगळी किंमत पक्ष्याला दात न लावता आणण्यात होती. मग तळहात जबड्याखाली, नाकासमोर खाऊचा तुकडा. जबडा सैल झाला, मोजा हातात पडला, आणि नेमक्या त्या क्षणी "सोड" हा शब्द. आधी नाही. तोंड मिटलेलं असताना दहादा "सोड, सोड" ओरडलं तर पिल्लाला त्याचा अर्थ "धरून ठेव" असाच लागणार.

दोन-तीनदा झालं की मोजा कपाटावर. पिल्लाला अजून हवं असतानाच खेळ बंद.

काही आठवड्यांनी अवघड भाग सुरू झाला: धावायचं नाही. मोजा पडतो, पिल्लू बसलेलं, छातीवर हात. ते शांत झालं की नाव घ्यायचं, मग सुटायचं. अधूनमधून भाची स्वतः उठून मोजा आणायची आणि ते नुसतं बघायचं. शिकाऱ्याचा कुत्रा हुकमाआधी धावला तर गोळीच्या टप्प्यात यायचा. मरोळमध्ये गोळी नाही, पण खिडकीच्या ग्रिलवरचं कबुतर आहे, उघडणारी लिफ्ट आहे, गेटबाहेरची रिक्षा आहे. "थांब" तिथे जीव वाचवतं.

आवाजाचंही तसंच. बंदुकीची सवय लावताना शिकारी पहिला बार लांबून, कुत्रा जेवत असताना काढत. इथे गणपतीचे ढोल-ताशे मोबाइलवर हळू लावून त्याची वाटी भरली गेली, आवाज रोज थोडा चढा. दिवाळीत ते पलंगाखाली गेलं नाही.

खरी चैन मात्र शोधण्यात. मोजा बादलीमागे, गादीखाली, चपलांच्या स्टँडमध्ये. वीस मिनिटं नाक चाललं की ते तासभर फिरून आल्यासारखं दमतं. याच हौसेवर मुंबई पोलिसांचा जंजीर उभा होता. पुण्यात तयार झालेल्या या लॅब्रेडॉरने १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या तपासात तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकून काढलं. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलीस खात्याने त्याला मानाने निरोप दिला. स्फोटकं हुडकणारा कुत्रा बक्षिसाच्या चेंडूसाठीच जीव टाकतो, आरडीएक्स म्हणजे काय ते त्याला ठाऊक नसतं.

शेजाऱ्यांचा लाड हा निराळाच प्रश्न. जो तो बिस्किट घेऊन उभा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे पाव हिस्सा लॅब्रेडॉरांमध्ये पोट भरल्याची जाणीव बोथट करणारा जनुकीय दोष असतो. त्याची केविलवाणी नजर म्हणजे भूक नव्हे. प्रशिक्षणाचा खाऊ त्याच्या रोजच्या वाटीतूनच काढा. पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या आत ओल राहू देऊ नका आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा.

कुणी विचारलं की मी स्पष्ट सांगतो: रोज दीड-दोन तास कुत्र्याच्या नाकातोंडाला काम द्यायची तयारी नसेल तर लॅब्रेडॉर आणू नका, तो तुमचा सोफा खाईल आणि त्याचा दोष नसेल. आणणारच असाल तर महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस चुकवू नका. सोसायटीने कुत्रा ठेवायलाच बंदी केली किंवा लिफ्ट नाकारली, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून सेक्रेटरींच्या हातात ठेवा. त्यांना तसं करता येत नाही.