टोपलीतला भात आणि त्याचे नाव

दिल्लीच्या करोल बागेत अजमल खान रस्त्यावर खरेदीसाठी आलेली पावले संध्याकाळी हमखास एखाद्या उपाहारगृहाकडे वळतात. तंदुरी रोटी आज दिल्लीचीच ओळख मानली जाते. वास्तविक, १९४७च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली अनेक निर्वासित कुटुंबे या वस्तीत स्थिरावली आणि त्यांच्यासोबत त्यांची चवही येथे रुजली. घरदार मागे राहिले. पण पंजाबी जेवण पंजाबी याच नावाने ओळखले गेले.

लाओसच्या विस्थापितांना हे भाग्य सहजासहजी लाभले नाही. थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या मधल्या या डोंगराळ देशात १९७५ मध्ये साम्यवादी राजवट आली. त्यानंतरच्या काळात सुमारे तीन लाख लोकांनी देश सोडला. मेकाँग नदी ओलांडून ते थायलंडमधील छावण्यांत आणि तेथून अमेरिका, फ्रान्स अशा देशांत पोहोचले. तेथे थाई जेवण लोकांच्या परिचयाचे झाले होते, लाओ जेवण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे अनेक लाओ कुटुंबांनी उपाहारगृहे काढली, तरी पाटीवर ‘थाई’ हाच शब्द लिहिला.

सेंग लुआंगराथ यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लहानपणी निर्वासित छावणीत राहिलेल्या या बाईंनी २०१० मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात ‘बँकॉक गोल्डन’ हे थाई उपाहारगृह विकत घेतले. सुरुवातीस लाओ पदार्थ केवळ मागणाऱ्यालाच मिळत. मागणारे वाढत गेले आणि २०१४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन शहरात ‘थिप खाओ’ हे लाओ उपाहारगृह उघडले. थिप खाओ म्हणजे भात ठेवण्याची बांबूची टोपली.

ही टोपली प्रथमच समोर आलेला मराठी माणूस क्षणभर बुचकळ्यात पडेल. शीत न् शीत मोकळे असावे, ही आपल्याकडील सुगरणीची कसोटी. लाओ ‘खाओ निआओ’ मात्र मुळातच चिकट असतो. भिजवलेला तांदूळ पाण्यात न शिजवता मोदकांसारखा वाफवतात. त्याचा लहानसा गोळा बोटांनी वळायचा आणि ‘चेओ’ या झणझणीत चटणीत बुडवायचा. सोबत ‘लाप’ असतो. मांसाचा बारीक खिमा, लिंबू, पुदिना आणि भाजून कुटलेल्या तांदळाची पूड यांचे हे मिश्रण. भाजणीच्या घरात वाढलेल्याला तो खमंग वास लगेच ओळखीचा वाटेल. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत ‘पादेक’ हा मुरवलेल्या माशांचा उग्र रस घालतात. सुकट आवडीने खाणारा कोकणी माणूस त्याला नाक मुरडणार नाही.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी गृहिणीला ‘महाराष्ट्राचे जेवण म्हणजे वडापावच ना?’ हा प्रश्न नवा नसतो. थालीपीठ, पिठले, आमटी यांची नावे ती हसतमुखाने पुन्हा पुन्हा सांगते. आपल्या पदार्थाला दुसऱ्याच नावाने हाक मारली की काय वाटते, हे तिला पुरते ठाऊक असते. म्हणूनच अनोळखी देशाच्या पंगतीला प्रथमच बसणाऱ्याने पदार्थाचे नाव अवश्य विचारून घ्यावे आणि पुढच्या वेळी तो त्याच नावाने मागवावा.