विश्लेषण : लॅपटॉप तापला की मंद का होतो? कूलिंग पॅड घेण्याआधी हे वाचा

मे महिन्यातली दुपार, गच्चीखालची खोली आणि सलग तिसरी ऑनलाइन मीटिंग. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घरघरू लागतो, समोरच्याचा चेहरा अडकत अडकत हलतो आणि आपण इंटरनेटवाल्याच्या नावाने बोटे मोडतो. अनेकदा त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. लॅपटॉपनेच आपला वेग कमी केलेला असतो.

लॅपटॉप स्वतःचा वेग का कमी करतो?

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तिची शेवटी उष्णताच होते. ती मोजणारे सेन्सर चिपच्या आतच बसवलेले असतात. लॅपटॉपमधल्या बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तापमान त्या मर्यादेजवळ पोहोचले की चिप आपला वेग उतरवते. याला ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. तरीही पारा चढतच राहिला, तर लॅपटॉप थेट बंद होतो. त्यामुळे ‘आता हा जळणार’ ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. जड काम सुरू असताना चिप ८०-९० अंशांवर जाणे नेहमीचेच आहे. नुकसान होते ते आपल्या वेळेचे आणि बॅटरीचे.

खोलीतल्या उकाड्याचा काय संबंध?

इथेच खरी मेख आहे. लॅपटॉपमध्ये थंडावा तयार करणारे काहीही नसते. चिपची उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांपर्यंत जाते आणि पंखा खोलीतली हवा त्या पत्र्यांवरून ढकलून ती बाहेर टाकतो. म्हणजे खोलीतली हवा जेवढी गरम, तेवढे हे काम कठीण. मॅकबुक वापरण्यासाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश असावे, असे अ‍ॅपल सांगते. अकोला, चंद्रपूर किंवा नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे बिनएसीच्या खोलीत ही अट पाळायची कशी?

व्हिडीओ एडिटिंग किंवा मोठ्या प्रोजेक्टचे कोड कम्पाइल करण्यासारखी जड कामे सकाळी लवकर उरकणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग. विदर्भातल्या कोरड्या हवेत कूलरही चांगली साथ देतो. फक्त त्याचे तुषार उडतात त्या रेषेत लॅपटॉप ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवणे किंवा खाली बर्फाची पिशवी ठेवणे हे उपाय मात्र विसरा. थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ धरते आणि पाणी सर्किटपर्यंत जाऊ शकते.

गादीवर ठेवले तर काय बिघडते?

बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूने हवा ओढतात आणि मागच्या किंवा बाजूच्या जाळीतून सोडतात. खालचे रबरी पाय जेमतेम काही मिलिमीटरची फट ठेवतात. गादी, उशी किंवा सोफ्यावर तीही बुजते. आपल्या घरात यावर जुना उपाय आहे : चौरंग. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांना तो टेबलासारखा वापरता येतो. मागचे दोन पाय बाटलीच्या झाकणांवर टेकवले तरी हवेला बरीच वाट मिळते. झाकणे घसरणार नाहीत एवढे पाहा.

मग कूलिंग पॅड घ्यावे का?

आधी लॅपटॉप उलटा करून जाळी कुठे आहे ते पाहा. पॅडचे पंखे त्या जाळीसमोर येत नसतील, तर तळ गार लागेल, पण चिपला फारसा फरक पडणार नाही. मॅकबुक एअरच्या एम-मालिकेतल्या मॉडेलमध्ये तर पंखाच नाही. तिथे धातूचा साचाच उष्णता बाहेर टाकतो.

पॅडपेक्षा आधी धूळ काढणे बरे. दोन-तीन वर्षे वापरलेल्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि पत्र्यांच्या मध्ये नमद्यासारखा थर साचलेला असू शकतो. आपल्याकडच्या रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ पाहता त्यात नवल नाही. दुरुस्तीच्या दुकानात तो काढून घेता येतो. त्याच वेळी वाळलेली थर्मल पेस्टही बदलून घ्यावी. घरी ब्लोअर मारायचा असेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करून आणि पंखा फिरणार नाही असा अडवून.

काही न विकत घेता काय करता येईल?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूच्या रकान्यात सर्वांत वर कोण बसले आहे ते दिसेल. बहुधा ब्राउजरच्या उघड्या टॅब किंवा मीटिंगचे अ‍ॅप. मीटिंगमध्ये मागचा पसारा धूसर करण्याची सोयही प्रोसेसरला बऱ्यापैकी राबवते. रिकाम्या भिंतीसमोर बसलात तर तिची गरजच उरत नाही. टायपिंग-वाचनासारख्या कामांसाठी वीज वाचवणारा पॉवर मोड पुरतो.

आणखी एक. झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप बंद झाला असे नव्हे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये तो बॅगेतच जागा होऊन तापतो. लोकल किंवा एसटीच्या प्रवासाआधी शटडाउनच करा.

मांडीवर ठेवणे धोक्याचे आहे का?

महिनोन्‌महिने मांडीवर ठेवल्यास त्वचेवर तपकिरी जाळीदार डाग पडू शकतात. भाजल्याची वेदना नसते, म्हणून ते लक्षातही येत नाहीत. अशा एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद २०१० मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात झाली होती.

पुरुषांच्या प्रजननक्षमतेबद्दल फिरणारे मेसेज बहुतांशी २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासावर आधारलेले असतात. त्यात २९ तरुणांनी तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर अंडकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. पण लॅपटॉप न ठेवता, मांड्या नुसत्या जुळवून बसल्यावरही ते दोन अंशांच्या वर गेले होते. अभ्यासाने तापमान मोजले, प्रजननक्षमता नाही. मेसेजमध्ये नेमका हा भाग गायब असतो.

बॅटरीचे काय?

चिप स्वतःला वाचवते, बॅटरीला ती सोय कमी. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज हे दोन्ही सोसत नाही. दिवसभर चार्जर लावून काम करणारे नेमके तेच करतात. अनेक कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करा. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि तो दाबून बसवण्याचा प्रयत्न न करता थेट सर्व्हिस सेंटरला न्या.