काचतंतूंचे नक्षीदार तक्ते

लग्नमंडपांतील कमानी, स्तंभ आणि नक्षीचे तक्ते पाहून पुष्कळांस ते दगडाचे अथवा लाकडाचे वाटतात. बोटानें वाजवून पाहिले म्हणजे पोकळ आवाज येतो, आणि एकटा मनुष्य ते सहज उचलतो. हे तक्ते काचेच्या तंतूंचे व राळेचे असतात. व्यवहारांत त्यांस नुसतें ‘फायबर’ म्हणतात. त्यांचा पृष्ठभाग इतका सारखा कसा येतो, हें आज पाहूं.

काच ठिसूळ खरी. पण ती वितळवून केसाहूनही बारीक तंतु ओढले, तर ते ताण सोसण्यांत फार बळकट ठरतात. असे तंतु काढणारी ओवेन्स-कॉर्निंग कंपनी अमेरिकेंत १९३८ सालीं निघाली, आणि १९५३ सालीं कॉर्व्हेट ह्या मोटारीचें अंग ह्याच द्रव्याचें झालें. तंतु ताण घेतात, आणि राळ, म्हणजे पॉलिएस्टर जातीचें रेझिन, त्यांस जागच्या जागीं धरून ठेवतें. भिंतीच्या मातींत आपण भुसा मिसळतों, त्यांतलें तत्त्व हेंच.

सुतार वस्तु आधीं घडवितो व शेवटीं तिला रोगण देतो. ह्या कामांत क्रम उलटा आहे. जो थर पाहणारास दिसावयाचा, तोच प्रथम घालावा लागतो. म्हणून सारी मदार साच्यावर. साच्यावरचा एक ओरखडा प्रत्येक तक्त्यावर उमटतो. साचा घासून आरशासारखा केल्यावर त्यास मेणाचे अनेक हात देतात, म्हणजे तक्ता चिकटत नाहीं.

मग येतो जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेल्या दाट रेझिनचा सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा थर. तो पातळ पडला, तर पुढच्या थरांतील स्टायरीन त्यास फुगवितें व मगरीच्या कातड्याप्रमाणें सुरकुत्या पडतात. जाड झाला, तर तडे जातात. साच्याच्या खोबणींत तो साचतो व उंचवट्यांवर विरळ होतो. कारागिराचें कसब येथेंच दिसतें.

जेलकोट बोटास चिकट लागतो पण बोटाबरोबर निघत नाहीं, अशा वेळीं तंतूंची मॅट पसरून तींत रेझिन मुरवितात आणि रोलरनें हवा काढतात. आंत राहिलेला बुडबुडा पुढें उन्हानें फुगतो व वरचें कवच फुटतें. घट्ट होतांना रेझिन तापतें आणि आक्रसतें. जाड थर एकदम चढविले किंवा तक्ता घाईनें साच्यांतून काढला, तर तो वांकतो व मॅटचे ठसे दर्शनी बाजूस उमटतात. ह्यासाठीं जेलकोटमागें आधीं अगदीं विरळ मॅट घालतात, आणि पुढील थर टप्प्याटप्प्यानें देतात.

आतां धोक्याची गोष्ट. रेझिन घट्ट होण्यास कोबाल्ट आणि पेरॉक्साइडचा हार्डनर लागतो. हीं दोन द्रव्यें थेट एकमेकांत कधींही मिसळूं नयेत. स्फोट होऊं शकतो. एक रेझिनमध्यें पुरतें घोटून मगच दुसरें घालावें. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो, स्टायरीनच्या वाफेनें घेरी येते, आणि तक्ते घासतांना उडणारी धूळ त्वचेस व घशास बोंचते. वारा नसलेल्या खोलींत, नाकातोंडावर मुखवटा न बांधतां राबणारा मनुष्य आपल्या समारंभाच्या शोभेचें मोल स्वतःच्या आरोग्यानें देत असतो.

शिवाय साधें रेझिन जळतें व काळा धूर सोडतें. म्हणून ह्या तक्त्यांजवळ समया अथवा तापणारे दिवे ठेवूं नयेत. तक्ता विकत घेतांना तो तिरक्या उजेडांत धरावा. लाट, खळगा वा ठसा ताबडतोब दिसतो. आणि तो कोणत्या जागेंत व कसा घडला, हेंही विचारावें. हा प्रश्न पृष्ठभागाच्या परीक्षेइतकाच महत्त्वाचा आहे.